ॲक्सेंट शेजाऱ्याला असतो

आपल्या इंग्रजीला ॲक्सेंट आहे असं मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ॲक्सेंट नेहमी दुसऱ्याला असतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या गृहस्थांना विचारा. ते चष्मा वर सरकवून सांगतील, "आमचं इंग्रजी स्वच्छ. ॲक्सेंट ऐकायचा तर त्या साउथवाल्यांचा ऐका. 'एम'ला 'यम' म्हणतात!" चेन्नईच्या माणसाला विचारा. तो म्हणेल, आमचं काय, सगळं क्लिअर असतं. बंगाल्यांचं ऐका, 'व्हेरी'चं 'भेरी' करून टाकतात. बंगाली बाबूंच्या मते खरी गंमत उत्तरेत, जिथे पोरं 'इस्कूल'मध्ये शिकतात आणि मोठी झाली की 'इस्टेशन'वर उतरतात. लखनौवाला म्हणतो, आमचं सोडा, पंजाब्यांचं 'सकूल' ऐका. पंजाबी माणूस गुजराथ्याकडे बोट दाखवतो, कारण तिथे चहाबरोबर पाहुण्यांना 'स्नेक्स' देतात. आणि सुरतचे शेठ हसू दाबत सांगतात, बाकी सगळं ठीक, पण मराठी माणूस इंग्रजी बोलायला लागला की समोरच्याला दम देतोय असं वाटतं.

असा हा हशा भारतभर प्रदक्षिणा घालून पुन्हा सदाशिव पेठेत पोचतो. फक्त तिथल्या गृहस्थांना तो ऐकू येत नाही, कारण तेव्हा ते स्वतः हसत असतात.

महाराष्ट्राच्या आतही अशीच उतरंड रचलेली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याच्या इंग्रजीला तालुक्याचा सेमी-इंग्लिशवाला हसतो. सेमीवाल्याला शहरातला इंग्लिश मीडियमवाला हसतो. त्याच्या शाळेच्या नावात एखादा सेंट नसेल तर कॉन्व्हेंटवाली मंडळी त्याला आपल्या पंगतीला घेत नाहीत. कॉन्व्हेंटवाल्यांना इंटरनॅशनल बोर्डवाले 'देसी' समजतात. आणि या सगळ्यांवरून एकदाच बोळा फिरवायला दर डिसेंबरात न्यू जर्सीहून एक पुतण्या येतो. तो पाणी मागतो तेव्हा 'वाडर' असं काहीतरी म्हणतो, आणि आजी त्याला वाडगा आणून देते. तो पुन्हा मागतो, आजी मोठा वाडगा आणते. तरी नंतर शेजारणीला सांगताना आजीच्या आवाजात कौतुक मावत नाही, "काय फाडफाड इंग्रजी बोलतो हो, एक अक्षर कळत नाही!" या पुतण्याचा हुकमी विनोदी कार्यक्रम म्हणजे स्वतःच्या बाबांच्या इंग्रजीची नक्कल. बाबाही हसतात. इतक्या वर्षांच्या कष्टाचं चीज झालं, पोरगं आपल्याला हसण्याइतकं वर गेलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो.

मराठी माणसाला इंग्रजी उच्चारांच्या बाबतीत अंमळ जास्तच ताठा आहे, आणि त्याला शासकीय आधारही आहे. साहेबाचे 'बॅट' आणि 'बॉल' नीट लिहिता यावेत म्हणून आपण आपल्या अक्षरांवर चंद्रकोर चढवली. २००९ सालच्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर रीतसर वर्णमालेत बसवले. हिंदीवाले अजून 'बैंक' लिहितात आणि तिथे 'मैनेजर' बसवतात. आपण मात्र 'बँके'त जातो, 'मॅनेजर'ला भेटतो आणि कर्ज त्यांनाही देत नाहीत, आपल्यालाही देत नाहीत.

हा सगळा खेळ एकाच जागी बघायचा असेल तर आयटी कंपनीचा कॉन्फरन्स कॉल गाठावा. वेळ अमेरिकेच्या सोयीची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊची. एकेका चौकोनात चेन्नई, कोलकाता, लखनौ, पुणे आणि सगळ्यांत वर टेक्सासचा क्लायंट. वर अधिकृत मीटिंग चालू असते, आणि तिच्या पोटात प्रत्येक गावाचा आपापला व्हॉट्सॲप ग्रुप चालू असतो. चेन्नईचे मॅनेजर बोलायला लागले की पुण्याच्या ग्रुपवर 'आला रजनीकांत' असं पडतं आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागते. पुण्याचा टीम लीड "आय विल डू वन थिंग" म्हणून सुरुवात करतो तेव्हा कोलकात्याच्या चौकोनातले दोन चेहरे एकाच क्षणी खाली बघतात. कोलकात्याच्या बाईंच्या बजेटवर लखनौचा कॅमेरा बंद होतो. प्रत्येक जण म्यूटवर आहे आणि प्रत्येक जण हसतो आहे.

मग टेक्सासवाले साहेब बोलतात. त्यांचं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे कळायला मार्ग नसतो. बरंचसं नाकातून येतं, उरलेलं येतच नाही. सगळे माना डोलावतात. "शुअर, शुअर." कॉल संपतो. पुण्याच्या ग्रुपवर पहिला मेसेज, 'शेवटी काय ठरलं रे? तारीख पुढे गेली की अलीकडे आली?' चेन्नईला विचारावं तर चेन्नई कोलकात्याला विचारत असते. अखेर साहेबांनाच मेल जातो की झालेल्या चर्चेचे मुद्दे कृपया लेखी कळवावेत. पण या संपूर्ण प्रकरणात साहेबांच्या बोलण्याला कोणी हसलेलं नसतं. उलट कोणीतरी शेवटी टाकतो, 'ॲक्सेंट भारी आहे पण.'

आता हिशोब बघा. चेन्नईच्या मॅनेजरांचं अक्षर न् अक्षर सगळ्यांना कळलं होतं, ते हास्यास्पद ठरले. टेक्सासचं काहीच कळलं नव्हतं, ते भारी ठरलं. 'भाषा समजली पाहिजे, म्हणून उच्चार शुद्ध हवेत' असं आपण एकमेकांना बजावत असतो. त्या युक्तिवादाचं या कॉलवर दररोज रात्री दहा वाजता दिवाळं निघतं. फ्रेंच माणसाने इंग्रजीचा चेंदामेंदा केला की ते रोमँटिक. जर्मनाने केला की शास्त्रज्ञासारखं वाटतं. आमच्या परभणीच्या पोराने केला की व्हिडिओ व्हायरल. उच्चार तिघांचेही चुकले, फरक पासपोर्टचा.

हे हसणं आपण मुळात साहेबाकडूनच शिकलो. मेकॉलेने १८३५ साली आपलं टिपण लिहिलं, १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, आणि थोड्याच काळात इंग्रजी शिकलेला कारकून तयार झाला. त्याला शिकवायला पुस्तकं कोणती? मिल्टन आणि बर्क. मग त्याने रजेच्या अर्जात मिल्टन उतरवला की जिमखान्यात तो अर्ज मोठ्याने वाचून साहेब लोक खुर्चीतून पडायचे. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एफ. ॲन्स्टी नावाच्या लेखकाने तर एक इंग्रजी बोलणारा बंगाली बाबूच जन्माला घातला. १८९७ साली त्याचं 'बाबू जॅबरजी, बी.ए.' हे पुस्तक निघालं. या साहेबांपैकी किती जणांना धड एक पान बंगाली किंवा मराठी लिहिता येत होतं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. विचारणार कोण? रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता.

आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि स्वतः 'निबंधमाला' मराठीत काढली. बाकीच्या महाराष्ट्राने ते दूध तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वाटीतून प्यायलं. त्या पाठमालेवर पोसलेले आजोबा आयुष्यात एकाही इंग्रजाशी बोलले नसतील, पण 'शॅल' आणि 'विल'मध्ये त्यांची गफलत होत नसे. पुढच्या पिढीच्या बोकांडी 'रेन अँड मार्टिन' बसलं. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि पुढे १९२४ साली त्यांनी फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' नावाची साहसी कादंबरी लिहून नाव कमावलं. व्याकरणाचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या मनात वाळवंटातल्या गोळीबाराचे विचार घोळत होते, हे आम्हाला 'पार्ट्स ऑफ स्पीच' घोकताना कोणी सांगितलं असतं तर जरा धीर आला असता.

सांगायचं काय, तर आपण ही भाषा कानांनी शिकलोच नाही, डोळ्यांनी शिकलो. त्यामुळे छापलेलं प्रत्येक अक्षर उच्चारायचं, हा आपला बाणा. 'वेडनेसडे'मधला 'डी' का सोडायचा? पुस्तकाचे पैसे मोजलेत ना? इंग्रज माणूस निम्मी अक्षरं गिळतो, कारण त्याला ती फुकट मिळालेली असतात.

बरं, साहेबाच्या स्वतःच्या घरात तरी सुख होतं का? बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' लिहिलं ते लंडनच्या फुलं विकणाऱ्या पोरीच्या उच्चारांवर. तिला भाषा येत होती, व्याकरण तिचं तिला पुरत होतं; फक्त तिच्या तोंडून तिची गल्ली ऐकू यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवर विल्फ्रेड पिकल्स हे यॉर्कशरी वळणाने बातम्या वाचायला लागले, तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. डोक्यावर बॉम्ब पडत असताना ब्रिटिश माणसाला चिंता याची, की बॉम्ब पडल्याची बातमी योग्य उच्चारात सांगितली जात नाही! पुण्याच्या माणसाला या तक्रारी वाचून आपली माणसं भेटल्यासारखं वाटावं.

पु. ल. देशपांड्यांनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, तेव्हा गंमत अशी झाली की नाटकातून इंग्रजी पूर्ण गेलं, आणि तरी काही अडलं नाही. प्राध्यापक तोच, फुलवाली तीच, हसणारं प्रेक्षागृहही तेच. कारण हा उद्योग मराठीतही जोरात होता. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात उभं करून 'बाणातला ण' म्हणायला लावणारे गुरुजी आपण पाहिले आहेत. घरात 'व्हतं', 'न्हाई' बोलणारी मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली तरी परीक्षकांच्या कपाळावर आठी पडते. म्हणजे इंग्रजीने आपल्याला ही सवय लावली असं म्हणून चालणार नाही. सवय घरची होती, इंग्रजीने तिला फॉरेन रिटर्न केलं.

आपल्याकडे निदान हा हसण्याचा धंदा खासगी क्षेत्रात आहे. सिंगापुरात तो सरकारने हाती घेतला. या टीचभर देशाच्या चार अधिकृत भाषा: इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ. शिवाय घराघरांत होक्किएन, कँटोनीज आणि आणखी बऱ्याच. एवढ्या भाषा एका बसमध्ये कोंबल्यावर जे व्हायचं तेच झालं. व्याकरण थोडं चिनी, शब्द थोडे मलय, घाई सगळ्यांचीच, आणि त्यातून 'सिंग्लिश' नावाचं चविष्ट इंग्रजी तयार झालं. वाक्याच्या शेवटी 'ला' लावणं ही त्याची खूण. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ते 'ओके ला' म्हणतात, आपण 'ओके की' म्हणतो. त्या एका अक्षरात आग्रह असतो, आपुलकी असते, आणि 'आता किती वेळा सांगायचं' हेही असतं. राणीच्या इंग्रजीला एवढ्यासाठी अख्खं वाक्य खर्ची घालावं लागतं.

तर सिंगापूरच्या टीव्हीवर 'फुआ चू कांग' नावाची एक विनोदी मालिका लागायची. नायक घरदुरुस्तीची कामं घेणारा कंत्राटदार. कुरळे केस, गालावर तीळ, पायात पिवळे गमबूट आणि तोंडात अस्सल सिंग्लिश. गुरमित सिंग या नटाने ते काम असं काही केलं की पोरंटोरं त्याच्यासारखी बोलायला लागली. १९९९ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात चक्क या कंत्राटदाराचा विषय काढला. देशाचा पंतप्रधान, वर्षातलं सर्वांत मोठं भाषण, आणि मुद्दा असा की टीव्हीवरच्या या माणसाने आपलं इंग्रजी सुधारावं. आपल्याकडे लाल किल्ल्यावरून एखाद्या मालिकेतल्या पात्राच्या उच्चारांवर बोलल्यासारखंच झालं. मालिकेतल्या कंत्राटदाराला इंग्रजीच्या वर्गात जावं लागलं. २००० साली सरकारने 'स्पीक गुड इंग्लिश' ही मोहीमच काढली. ज्येष्ठ नेते ली क्वान यू यांच्या मते सिंग्लिश म्हणजे देशाला लागलेलं अपंगत्व होतं. म्हणजे इकडे आपण ज्याला व्हॉट्सॲपवर हसतो, त्याला तिकडे अंदाजपत्रकात तरतूद होती.

पुढची गंमत ऐका. २००३ साली सार्सची साथ आली. लोकांनी हात धुवावेत, ताप असेल तर घरी बसावं, हे सांगायला कोण आलं? फुआ चू कांग. रॅप करत. २०२१ साली कोरोनाची लस टोचून घ्यायला लोकांना तयार करायचं होतं. सरकारने व्हिडिओ काढला; पुन्हा तेच पिवळे गमबूट, तोच तीळ, तीच वाक्याची मोडतोड. सुखाचे दिवस असताना 'चांगलं बोला' म्हणणाऱ्या सरकारला गळ्याशी आल्यावर कळलं, की लोकांना पटवायचं तर लोकांच्याच भाषेत बोलावं लागतं. एरवी वर्गात बसवलेल्या पोराला आग लागल्यावर बादली घेऊन पुढे पाठवायचं, हा न्याय जगात सगळीकडे सारखाच.

मधल्या काळात, २०१६ साली, ग्वी ली सुई या सिंगापुरी कवीने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सिंग्लिशच्या बाजूने एक खुसखुशीत लेख लिहिला. पंतप्रधानांच्या माध्यम सचिवांनी त्याला गंभीर पत्र लिहून उत्तर दिलं. त्या पत्रातला एक मुद्दा मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. आशय असा, की या कवींनी इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केली आहे, त्यांना एका इंग्रजीतून दुसऱ्या इंग्रजीत सहज उडी मारता येते. प्रत्येकाला ती येत नाही.

सरकारने हा मुद्दा मांडला मोहिमेच्या बचावासाठी, पण त्यात सगळ्या प्रकरणाची चावी आहे. मोडकं इंग्रजी बोलण्याचा परवाना मिळतो, पण तो मिळवायला आधी धड इंग्रजी येत असल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे बघा ना. दक्षिण मुंबईत वाढलेला, परदेशात जाहिरातशास्त्र शिकून आलेला मुलगा शीतपेयाच्या जाहिरातीत निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी घालतो, त्याला बक्षीस मिळतं. तेच वाक्य रिक्षावाल्याने पर्यटकाला ऐकवलं की आपण कोपराने शेजाऱ्याला ढोसतो. वांद्र्याच्या जुन्या बंगल्यातले अंकल 'व्हॉट मॅन' म्हणतात ते आपल्याला गोड वाटतं. तेच 'व्हॉट भाऊ' म्हणून नागपूरचं पोर मुलाखतीला आलं, की एचआरच्या बाई फायलीवर काहीतरी बारीक अक्षरात लिहितात. निस्सीम इझिकेल यांच्यासारखा मोठा कवी मुंबईत बसून भारतीय वळणाच्या इंग्रजीत कविता लिहितो, त्या पाठ्यपुस्तकात जातात. त्याच वळणाने निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे मार्क त्याच वर्गात जातात.

आणि परवाना नसलेल्याने कितीही मोठं काम केलं तरी भागत नाही. कपिल देव यांनी १९८३ साली विश्वचषक आणला. लॉर्ड्सच्या गच्चीत उभं राहून, इंग्रजांच्याच घरात, इंग्रजांच्याच खेळात. देशाने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि मग खाली ठेवून त्यांच्या इंग्रजीवर विनोद केले. पुढे ते 'रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स'च्या जाहिरातीत झळकले. कोर्स धडाधड विकला गेला तो बहुधा याच हिशोबाने, की जगज्जेत्यालाही जे पुस्तक लागतं ते आपल्या बंड्यालाही लागणारच.

२०१२ साली गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' आला. नायिका शशी गोडबोले, पुण्याची मराठी गृहिणी, लाडू करून विकणारी, आणि तिच्या इंग्रजीची पोटच्या पोरीला लाज. श्रीदेवी यांनी त्या बाईचा अपमान असा काही चेहऱ्यावर आणला की थिएटरमध्ये रुमाल भिजले. मी ज्या खेळाला होतो तिथे पुढच्या रांगेत एक कुटुंब हमसून रडत होतं. चित्रपट सुटला, गाडीपाशी आल्यावर आई म्हणाली, "छान होतं ना पिक्चर? डायरेक्शनपण किती टच्ची होतं." लेक जागच्या जागी थांबून म्हणाली, "टच्ची नाही गं आई, टचिंग! लोक ऐकतात." आईने मान डोलावली आणि हातातला ओला रुमाल पर्समध्ये ठेवला.

याउलट गोरा माणूस मराठी बोलतो तेव्हाचं दृश्य आठवा. व्यासपीठावर परदेशी पाहुणे उभे राहतात आणि "नमस्कार मंडली, मी महाराष्ट्रला प्रेम करतो" म्हणतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. 'मंडळी'तला 'ळ' गेला, विभक्ती गेली. कोणाच्याही कपाळावर आठी नाही. समोर तेच रसिक बसलेले असतात ज्यांनी सकाळी घरकामाच्या ताईंच्या 'म्हनलं'ची फोनवर नक्कल केलेली असते. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणतात, "प्रयत्न केला हो त्यांनी, प्रयत्न महत्त्वाचा." अगदी खरं आहे. मग परभणीच्या पोराने केला त्याला काय म्हणायचं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इथे उलटी पडते. दुसऱ्याचा तो बाब्या, आणि आपलं ते कार्टं.

प्रमाण इंग्रजी नको, असा माझा मुळीच दावा नाही. कोर्टाचा निकाल, विमानतळावरची सूचना, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर यांत 'ओके की' चालणार नाही. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणलं ते याच पोटतिडकीने, की गावच्या पोराचं या एका भाषेपायी घोडं अडू नये. पण शिकवणं वेगळं आणि हसणं वेगळं. हसण्याने आजवर एकाचंही इंग्रजी सुधारलेलं नाही. फार तर तो गप्प बसायला शिकतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचे उच्चार निर्दोष असतात.

खुद्द जगाने आता हा नाद सोडत आणला आहे. ज्या बीबीसीच्या श्रोत्यांना यॉर्कशर सोसवत नव्हतं, तिने २०१७ साली पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांसाठी त्यांच्या पिजिन इंग्रजीत वेगळी सेवा सुरू केली, आणि त्याच वर्षी मराठीतही केली. ऑक्सफर्डच्या कोशात सिंगापूरचं 'शिओक' आहे. ऑक्सफर्डच्याच विद्यार्थ्यांच्या कोशाच्या २०२० च्या आवृत्तीत तर आपला 'डबा' आणि आपली 'चाळ' जाऊन बसली. चाळ ऑक्सफर्डला पोचली, पण चाळीतल्या पालकांना नर्सरीच्या प्रवेशाला गेल्यावर 'घरी कोणती भाषा बोलता' असं अजून विचारतात, आणि 'मराठी' म्हटलं की मॅडम फक्त "ओह" म्हणतात.

आणि ज्यांना कोशाचा भरवसा नाही त्यांच्यासाठी आता सॉफ्टवेअर निघालं आहे. कॉल सेंटरमधला मुलगा हिंजवडीत बसून बोलतो, आणि पलीकडच्या माणसाला तो ओहायोत वाढल्यासारखा ऐकू येतो. पूर्वी यासाठी पोरांना महिनाभर वर्गात बसवून जीभ वळवायला शिकवायचे, नावं बदलायचे. आता यंत्रच परस्पर इस्त्री करून पाठवतं. उद्या हे घरोघरी आलं तर सासूबाईंचा टोमणासुद्धा ओहायोच्या उच्चारात येईल, आणि तरी लागायचा तिथे लागेलच.

या सगळ्यावर मी एक साधा उपाय आमच्या सोसायटीपुरता सुचवला. नियम असा: ज्याच्या इंग्रजीला हसायचं असेल, त्याच्या मातृभाषेत आधी एक पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं. जमलं तर खुशाल हसा. कारण आमचा वॉचमन घरी भोजपुरी बोलतो, आमच्याशी हिंदी, भाजीवाल्या मावशींशी मराठी, आणि कुरिअरवाल्याशी "ओटीपी टेल, पार्सल कीप" एवढं बिनचूक कळणारं इंग्रजी. त्याला हसणाऱ्यांकडे जेमतेम दीड भाषा. सभेत विषय निघताच पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मला काय करायचीय भोजपुरी?" सेक्रेटरी म्हणाले, कल्पना उत्तम आहे, लेखी द्या. वर खासगीत सल्ला दिला, की इंग्रजीत लिहा. इंग्रजी नोटिशीला लोक घाबरतात, मराठी नोटिशीला उत्तरं देतात.

मी मराठीतच लिहून बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी बघतो तर कोणीतरी लाल पेनाने तीन वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हिरव्या पेनाने त्या दुरुस्त्या दुरुस्त केल्या होत्या. त्याखाली दोघांचं शुद्धलेखनाच्या नियमांवरून चांगलंच जुंपलेलं होतं. ठरावाबद्दल कोणीच काही लिहिलं नव्हतं.